हाताने शिकायचे विज्ञान : वर्धा ते होशंगाबाद

आपल्याकडे एखाद्या अंजुमनचा जलसा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, पाहुण्यांच्या भाषणात काही नावे हमखास येतात. अल ख्वारिझ्मी, इब्न सीना, अल बिरुनी, इब्न अल हैसम. युरोप अंधारात चाचपडत होता तेव्हा आपले लोक कुठे पोचले होते, हे सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. समोर बसलेली सहावी-सातवीची मुले ती नावे ऐकतात. प्रश्नमंजूषेत विचारतात म्हणून काहींना ती पाठही असतात. पण या माणसांनी नेमके काय केले, कशाने केले आणि ते आपल्यालाही करता येईल का, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. करून दाखवणे तर दूरच.

विज्ञान पाठ करायचे नसते, करून पाहायचे असते, हे वाक्य आता फार गुळगुळीत झाले आहे. त्यामागे कष्टाचा आणि अर्धवट राहिलेला एक इतिहास आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या इतिहासात एक मुसलमान शिक्षक आहे, वर्धा आहे, नर्मदाकाठचा एक जिल्हा आहे आणि पुणेही आहे. तो इतिहास इथे थोडक्यात मांडतो.

अंधारी खोली आणि काही दिवे

सुरुवात इब्न अल हैसमपासूनच करू. त्याचा जन्म इराकमधल्या बसऱ्याचा, साधारण ९६५ सालचा. उत्तरायुष्य कैरोत गेले आणि १०४०च्या सुमारास तिथेच त्याचे निधन झाले. 'किताब अल मनाझिर' हा त्याचा सात भागांचा ग्रंथ प्रकाश आणि दृष्टी यांवर आहे. माणसाला दिसते कसे, हा त्यातला मूळ प्रश्न. युक्लिड आणि टॉलेमी या ग्रीक विद्वानांचे म्हणणे असे होते की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल हैसमने उलट मांडणी केली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो आणि सरळ रेषेत येतो, असे तो म्हणाला.

केवळ युक्तिवादावर तो थांबला नाही. एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला किंवा दाराला छिद्र ठेवायचे. बाहेर, छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी काही दिवे ठेवायचे. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडतात. आता एक दिवा झाकायचा. फक्त त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. दिवा उघडला की ठिपका परत येतो. सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच छिद्रातून आत आला, तरी एकात एक मिसळला नाही. प्रत्येक किरण आपली सरळ वाट धरून गेला.

या प्रयोगाला लागले काय? दिवे, भिंत, छिद्र आणि झाकायला काहीतरी. आजही कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत एका खोलीच्या खिडक्या जुन्या चादरींनी बंद करून, दाराच्या फटीवर काळा कागद लावून आणि त्याला बारीक छिद्र पाडून हे करता येते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरचे झाड उलटे दिसते. रस्त्यावरून जाणारी रिक्षा चाके वर करून जाते. ते पाहिल्यावर 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य पाठ करण्याची गरजच उरत नाही.

इब्न अल हैसम प्रयोगासाठी जो शब्द वापरतो तो आहे 'इतिबार'. उर्दूत तोच शब्द 'एतबार' होऊन भरवसा या अर्थाने आपण रोज वापरतो. त्याच्या ग्रंथात मात्र तो तपासून पाहण्यासाठी येतो. टॉलेमीसारख्या थोर माणसाच्या लिखाणावरही त्याने शंकांचे एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून खरे, ही सबब त्याला चालत नव्हती.

पुढे त्याच्याच ग्रंथावर काम करताना कमालुद्दीन अल फारिसी या इराणी विद्वानाने इंद्रधनुष्याचे कोडे हाती घेतले. काळ तेराव्या शतकाच्या अखेरचा आणि चौदाव्याच्या सुरुवातीचा. पावसाचा थेंब हातात धरता येत नाही. म्हणून त्याने पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, तोच मोठा थेंब समजला आणि त्यात किरण कसा वळतो, कसा परततो ते पाहिले. फुटकळ वस्तूंमधून मोठे प्रश्न सोडवण्याची ही रीत होती.

'किताब अल मनाझिर' लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझेल शहरात छापला गेला. युरोपातल्या प्रकाशशास्त्राची पायाभरणी त्यावर झाली. आपल्याकडच्या मदरशांत मंतिक, हिकमत, हिंदसा हे विषय टिकले, पण हाताने करून पाहण्याचा भाग फारसा उरला नाही. नंतर इंग्रजी राजवटीच्या शाळा आल्या. त्यांनी विज्ञान हा विषय आणला, मात्र तोही बहुतेक ठिकाणी पुस्तकातूनच शिकवला गेला. मदरसा आणि स्कूल यांत एरवी कितीही अंतर असले तरी घोकंपट्टीवर दोघांचे एकमत होते.

वर्ध्याचे दोन दिवस

ही घोकंपट्टी मोडण्याचा एक मोठा प्रयत्न आजच्या महाराष्ट्रातल्या वर्ध्यातून सुरू झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. खेड्यातल्या मुलांना कोणते शिक्षण द्यायचे, हा प्रश्न समोर होता. गांधीजींचे म्हणणे होते की शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्चही निघावा.

त्या परिषदेला दिल्लीहून जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन आले होते. वय चाळीस. जन्म हैदराबादचा. १९२० मध्ये असहकाराच्या लाटेत अलीगढचे कॉलेज सोडून जामियाच्या स्थापनेत उतरलेला हा तरुण पुढे बर्लिनला गेला. तिथून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतला आणि तुटपुंज्या पगारावर जामिया सांभाळू लागला. जर्मनीत त्यांनी गेओर्ग केर्शेनश्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाचा 'कामाची शाळा' हा विचार जवळून अभ्यासला होता.

वर्ध्यात त्यांनी गांधीजींच्या समोरच मतभेद मांडला. कामातून शिक्षण हे तत्त्व त्यांना मान्य होते. पण शाळेचा खर्च मुलांच्या कमाईतून काढण्यावर फार भर दिला तर शिक्षक मुकादम बनतील आणि गरिबांच्या पोरांकडून मजुरी करून घेतली जाईल, असा इशारा त्यांनी दिला. तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी काय करावे? अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच माणसाकडे दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम दांपत्य यांच्याबरोबर ख्वाजा गुलाम सय्यदैन हे शिक्षणतज्ज्ञही होते. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयार झाला. तोच झाकीर हुसेन समितीचा अहवाल. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि 'हिंदुस्तानी तालीमी संघ' स्थापन झाला. त्याचे अध्यक्षही झाकीर हुसेनच.

नई तालीम म्हटले की लोकांना सूतकताई आठवते. पण त्या अहवालातला सामान्य विज्ञानाचा भाग फार कमी लोकांनी पाहिला आहे. सात ते चौदा वयाच्या मुलांना मातृभाषेतून शिकवायच्या या अभ्यासक्रमात निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर आणि आरोग्य, रसायन असे भाग होते. रात्री दिशा आणि वेळ ओळखण्यासाठी ताऱ्यांची ओळख होती आणि शास्त्रज्ञांच्या कहाण्याही होत्या. खेड्यातल्या मुलाने आपल्या भोवतालचे नीट पाहावे, पाहिलेले तपासावे आणि त्यातून नियमापर्यंत पोचावे, अशी त्यामागची दृष्टी होती.

झाकीर हुसेन यांनी पुढे आयुष्यभर एक मुद्दा लावून धरला. हाताने केलेले प्रत्येक काम शिक्षण नसते. कशासाठी करायचे हे मुलाला कळले पाहिजे, त्याने ते आधी मनात आखले पाहिजे, मग हाताने केले पाहिजे आणि शेवटी ते कसे झाले याचा हिशेब स्वतःच घेतला पाहिजे. या चार पायऱ्या असतील तरच हात मेंदूला शिकवतो. नाहीतर ती नुसती हमाली. आज शाळांमधून 'प्रकल्प' म्हणून थर्माकोलचे ज्वालामुखी बाजारातून विकत आणले जातात, तेव्हा हा फरक किती मोलाचा होता ते कळते.

टकळी उरली, तालीम गेली

योजनेला विरोधही झाला. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर कडाडून टीका केली. १९३८च्या पिरपूर अहवालात तिचा आणि मध्य प्रांतातल्या विद्यामंदिर योजनेचा समाचार घेतला गेला. मुसलमान मुलांवर परकी संस्कृती लादली जाईल, धार्मिक शिक्षणाला जागा नाही, असे आक्षेप होते. त्यातल्या काही शंकांना त्या काळच्या राजकारणात आधारही होता. 'विद्यामंदिर' हे नावच अनेकांना खटकले. पण या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. ज्या अभ्यासक्रमावर मुसलमानांचा म्हणून आक्षेप घेतला जात होता, त्याचा मसुदा करणाऱ्या समितीचा प्रमुख जामियाचा मुअल्लिम होता आणि त्यातली विज्ञानाची दृष्टी कुठल्याच धर्माच्या मुलाला परकी नव्हती. चर्चा नावावर आणि प्रतीकांवर झाली. मूल शिकेल कसे, हा प्रश्न बाजूला पडला.

तसे पाहिले तर योजनेचा घात एकट्या लीगच्या विरोधाने झाला नाही. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, १९४२ मध्ये कार्यकर्ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर सरकारांनी 'बेसिक शाळा' अशा पाट्या लावल्या, पण आत झाकीर हुसेन यांना भीती होती तेच झाले. टकळीचा तास राहिला, त्यातून विचार करायला शिकवणे राहून गेले. शहरातल्या सुशिक्षितांनी आपली मुले या शाळांत घातली नाहीत. ते गरिबांचे शिक्षण ठरले आणि गरिबांनाही ते नकोसे झाले.

युद्धानंतरची एक पुस्तिका

याच सुमारास जगात दुसरीकडे एक वेगळा धडा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात युरोप आणि आशियातल्या असंख्य शाळा उद्ध्वस्त झाल्या. प्रयोगशाळा नाहीत, काचसामान नाही आणि मुले मात्र आहेत. तेव्हा युनेस्कोने १९४८ मध्ये जे. पी. स्टीफन्सन या लंडनच्या शिक्षकाची एक पुस्तिका काढली. उद्ध्वस्त देशांतल्या शिक्षकांनी डबे, बाटल्या, तारा, मेणबत्त्या यांतून विज्ञानाची साधने कशी बनवावीत, हे त्यात होते. ती जिथे युद्ध झाले नव्हते अशा गरीब देशांतही खपली, कारण तिथल्या शाळांची अवस्था युद्धाशिवायच तशी होती. तिचा विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञान शिक्षकांसाठीचा मोठा संदर्भग्रंथ निघाला आणि जगभर पोचला.

प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली होती. भारतात ती खऱ्या अर्थाने मोडून काढली ती होशंगाबादने.

सोळा शाळा

होशंगाबाद म्हणजे आजचे नर्मदापुरम. माळव्याचा सुलतान होशंगशाह याच्या नावाने वसलेले, नर्मदेच्या काठचे गाव. १९७२ मध्ये या जिल्ह्यातल्या सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. दोन संस्थांनी तो हाती घेतला. एक होती 'किशोर भारती'. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी ती बनखेडी भागात उभारली होती. दुसरे होते रसूलिया गावचे क्वेकर पंथीयांचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर'. वर्ध्याचा धागा इथे पुन्हा भेटतो. सेवाग्रामला तालीमी संघात अनेक वर्षे काम केलेल्या मार्जोरी साइक्स यांचा रसूलियाशी जवळचा संबंध होता.

मध्य प्रदेश सरकारने परवानगी दिली. मुंबईच्या टाटा संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक सुट्टीत खेड्यात येऊन शिक्षकांबरोबर बसू लागले. या शिक्षकांपैकी कित्येकांनी स्वतः शाळेपलीकडे विज्ञान शिकलेले नव्हते. १९७८ मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत कार्यक्रम गेला. तो सांभाळण्यासाठी आणि वाढवण्यासाठी १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था निघाली.

हे सगळे चालायचे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. सहावी ते आठवीसाठी 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तके होती. त्यांत व्याख्या नव्हत्या, तयार उत्तरे नव्हती. हे करा, काय दिसले ते लिहा, असे का झाले असेल यावर गटात बोला, अशी त्यांची रचना. मुले चार-चारच्या गटात बसत. शाळेला साहित्याची पेटी मिळे. भिंगे, चुंबक, परीक्षानळ्या पेटीत असत. माती, पाने, बिया, किडे गावातून आणायचे. अभ्यास करता करता वर्ग शेतावर, ओढ्यावर जाई. शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत तीन आठवड्यांचे प्रशिक्षण असे आणि त्यात त्यांनाही मुलांसारखेच प्रयोग करावे लागत. दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई. वर्गात काय जमले, काय फसले यावर तिथे मोकळेपणी चर्चा चाले.

'घट-बढ' नावाचा एक धडा होता. एकाच टेबलाची लांबी चार गटांनी मोजली की चार वेगळे आकडे येतात. मग बरोबर कुणाचा? एरवीच्या वर्गात शिक्षक एक आकडा फळ्यावर लिहून मोकळा होतो. इथे मुलांनी ते आकडे मांडायचे, ते का बदलतात याचा विचार करायचा आणि कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायचे. मोजमापात चूक दडवायची नसते, ती मोजायची असते, हे संशोधनातले मूलभूत तत्त्व सहावीतले शेतकऱ्याचे पोर अशा रीतीने शिकत होते. इब्न अल हैसमचा 'इतिबार' तो हाच.

परीक्षाही वेगळी होती. पुस्तक आणि वही उघडी ठेवून उत्तरे लिहायची आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचे. पुस्तक समोर असताना कॉपी कशाची करणार? प्रश्नच असे असत की पाहिले असेल, केले असेल तरच उत्तर देता येईल. मुलांना पडणारे इतर प्रश्न विचारायला 'सवालीराम' होता. हे एक काल्पनिक पात्र. मुले त्याच्या नावाने होशंगाबादला पत्र टाकत आणि त्यांना उत्तर येई. प्रश्न विचारणे म्हणजे मास्तरांचा अपमान नव्हे, हे त्या पत्रांनी मुलांना शिकवले.

यातूनच पुण्याशी नाते जुळले. आयआयटी कानपूरहून १९७५ मध्ये अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी खेळणी बनवायला घेतली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांचा सांगाडा हे त्यांचे गाजलेले काम. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. पुलाच्या आणि छपराच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. गुप्ता पुढे पुण्यात आयुका संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून दशकभर होते. त्यांची पुस्तके मराठीसह अनेक भाषांत मोफत उपलब्ध आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तीस वर्षांनी आलेला हुकूम

सोळा शाळांचा हा कार्यक्रम पुढे मध्य प्रदेशातल्या पंधराच्या आसपास जिल्ह्यांत, शेकडो शाळांत पोचला. आणि २००२च्या जुलैमध्ये राज्य सरकारने तो बंद केला. जिल्हा नियोजन समितीतून त्याची मागणी झाली होती. या शाळांतली मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, राज्यभर एकच पुस्तक असावे, अशी कारणे पुढे आली. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी फेरविचाराची विनंती केली. काही उपयोग झाला नाही.

कार्यक्रमात उणिवा होत्या. साहित्य वेळेवर पोचत नसे, तयार झालेल्या शिक्षकांच्या बदल्या होत, मासिक बैठका ओस पडत. पण या दुरुस्त करता येण्यासारख्या गोष्टी होत्या. खरी अडचण निराळी होती. आठवीपर्यंत विचार करायला शिकवायचे आणि नववीपासून पुन्हा पाठांतर मागायचे, ही विसंगती होशंगाबादच्या मुलांनी निर्माण केलेली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेचे माप बदलण्याऐवजी मुलांना त्या मापात कोंबणे सोपे वाटले. पालकांनाही पेपरातले गुण दिसत होते. प्रश्न विचारणारे पोर कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नव्हते.

वर्धा आणि होशंगाबाद या दोन्ही ठिकाणी पैसा कमी पडला म्हणून काम थांबले नाही. मूल प्रश्न विचारू लागले की शिक्षक, अधिकारी, पुढारी आणि पालक या सगळ्यांनाच थोडे हलावे लागते. ती तयारी कमी पडली.

मशिदीच्या अंगणातली काठी

हा इतिहास आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आज मुस्लिम पालक पोटाला चिमटा काढून मुलामुलींना नीटच्या शिकवण्या लावतात. ही भूक चांगली आहे. पण सहावी-सातवीत ज्याने बी उगवताना पाहिले नाही, भिंग हातात घेतले नाही, त्याला अकरावीत शिकवणीवाला कितीसा सावरणार? उर्दू शाळांत प्रयोगशाळेची खोली बऱ्याचदा कुलूपबंद असते किंवा नसतेच. तिच्यासाठी निवेदने देत राहावे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही.

हळदीचेच पाहा. सालनाचा डाग पडलेला पांढरा कुडता साबणाने धुतला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात आईला माहीत असते. कागदाला ओली हळद लावून वाळवा आणि त्यावर चुन्याची निवळी, साबणाचे पाणी, लिंबाचा रस, मिठाचे पाणी यांचे थेंब टाका. कुठे रंग बदलतो, कुठे नाही आणि लाल झालेल्या जागी लिंबू पिळले तर काय होते? आम्ल आणि अल्कली हा धडा स्वयंपाकघरातच सुरू होतो.

दुसरा प्रयोग तर आपल्या इबादतीशी जोडलेला आहे. शाळेच्या किंवा मशिदीच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी रोवा. सकाळी दहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली आखूड होत जाते आणि एका क्षणानंतर पुन्हा वाढू लागते. तो क्षण म्हणजे माध्यान्ह. तिथून सूर्य ढळला की जोहरची वेळ सुरू होते. सर्वांत आखूड सावलीची रेषा खरी उत्तर-दक्षिण दाखवते. मुलांच्या लक्षात येईल की रत्नागिरीत हा क्षण घड्याळात बाराला येत नाही, ऋतूनुसार साधारण वीस ते पन्नास मिनिटे उशिरा येतो. का? भारताचे घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि रत्नागिरी त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. भूगोलातला रेखांश इथे अंगणात उतरतो.

मग असर. शाफई मसलकानुसार काठीची सावली माध्यान्हीच्या सावलीपेक्षा काठीच्या उंचीइतकी वाढली की असरची वेळ होते. हनफींच्या प्रचलित मतानुसार ती दुपटीने वाढावी लागते. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, मराठवाड्यातले बहुतांशी हनफी. दोन्हीकडच्या मुलांनी सावल्या मोजून आपापल्या वेळा काढाव्यात आणि एकमेकांना कळवाव्यात. मतभेद कुठे आहे आणि माप कुठे आहे, हे त्यांना भाषणाशिवाय कळेल. वर्षातून दोनदा, मे महिन्यात एकदा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा, महाराष्ट्रात माध्यान्हीला काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस सुट्टीत येतो आणि दुसऱ्यावेळी बहुधा आभाळ भरलेले असते. म्हणून मे महिन्यात हे घरच्या अंगणातच करावे.

हे काम पूर्वी मशिदींमध्ये जाणकार माणूस करत असे. त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल शातिर हा चौदाव्या शतकातला मोठा खगोलज्ञ होता. १३७१ मध्ये त्याने त्या मशिदीसाठी सूर्यघड्याळ बनवले. आता मशिदीत विजेवरचे घड्याळ वेळा दाखवते आणि आपण त्याखाली उभे राहतो. सोय झाली हे चांगलेच आहे. फक्त त्या वेळा येतात कुठून, हे मुलांना एकदा तरी काठी रोवून कळू द्या. चंद्राचेही तसेच. ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळे गाव आभाळाकडे पाहते. तोच चंद्र महिनाभर पाहून वहीत काढायला सांगितले, तर मुलाला त्याच्या कला आणि हिजरी महिना दोन्ही समजतील.

आपल्या समाजातली कितीतरी माणसे आज शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आहेत, अंजुमनच्या पदांवर आहेत, मकतबांचा कारभार पाहतात. बैठकीत इमारत, निकाल आणि देणगी यांची चर्चा होतेच. त्यांनी पुढच्या बैठकीत आणखी एक गोष्ट विचारावी. गेल्या महिन्यात विज्ञानाच्या तासाला मुलांच्या हातात काय होते? उत्तर 'पुस्तक' असे आले, तर इब्न अल हैसमवरचे पुढचे भाषण रद्द करून त्या वेळात एक खोली अंधारी करावी आणि दाराला बारीक छिद्र ठेवावे.